घर बदललं आणि मुलाचं वजन वाढायला लागलं, यात परिसराचा खरंच संबंध असतो का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. शहरातल्या एका भागातून दुसऱ्या भागात राहायला गेलात, मुलगा नऊ वर्षांचा, घरातला स्वयंपाक तोच, जेवणाच्या वेळा त्याच, तरी दीड वर्षात वजन भराभर वाढलं. डॉक्टर म्हणाले खाणं कमी करा आणि खेळायला पाठवा, घरातले म्हणतात आईनंच लाडावलंय, आणि तुम्हाला आतून वाटतंय की नवीन जागेचाच काहीतरी संबंध आहे पण तसं बोललं तर लोकांना बहाणा वाटेल. बहाणा नाहीये हा. मी गेली वीसेक वर्षं मुलांच्या वजनाच्या ओपीडीत बसतोय आणि तुमची शंका अगदी योग्य जागी आहे. फक्त तो संबंध वाटतो तितका सरळ नसतो, "जवळ बाग आहे म्हणजे मूल सडपातळ, कोपऱ्यावर बर्गरचं दुकान आहे म्हणजे मूल जाड" असं काही नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवातीची काही वर्षं मीही आलेल्या प्रत्येक मुलाच्या हातात डाएटचा कागद द्यायचो. एकाच वयाची, एकाच वजनाची दोन मुलं, शहराच्या दोन टोकांना राहणारी, दोघांना तोच कागद, आणि सहा महिन्यांनी एकाचा ग्रोथ चार्ट सुधारलेला आणि दुसऱ्याचा आणखी वर गेलेला. दुसऱ्याच्या केसपेपरवर मी लिहायचो "पालकांचं सहकार्य नाही". मग एकदा एका आईनं मला शांतपणे विचारलं, डॉक्टर, खेळायला पाठवा म्हणता, पण पाठवू कुठं ते सांगा ना. खाली उतरलं की चार पदरी रस्ता, पलीकडचं मैदान कुलूपबंद, आणि मी कामावरून येते तेव्हा अंधार पडलेला असतो. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते वाक्य केसपेपरवर लिहिणं मी त्या दिवशी बंद केलं, आणि तेव्हापासून मूल काय खातं हे विचारायच्या आधी ते कुठं राहतं, शाळेत कसं जातं, कोणत्या वाटेनं घरी येतं हे विचारतो.

आता मुळात एवढासा फरक वजनावर परिणाम कसा करतो ते बघू, कारण घरातले लोक इथेच अडतात. त्यांना वाटतं वजन वाढलं म्हणजे मूल लपूनछपून खूप खातंय. तसं नसतं बहुतेक वेळा. अमेरिकेत १९८८ ते २००२ या काळात मुलांमध्ये जी जादा वजनवाढ झाली तिचा हिशोब काही संशोधकांनी मांडला होता, तर रोजचा सरासरी फरक निघाला ११० ते १६५ कॅलरींचा. म्हणजे किती, तर ३३० मिलीचा गोड सोड्याचा एक कॅन साधारण १४० कॅलरींचा असतो. आणि पंचवीस-तीस किलोचं मूल वीस मिनिटं चाललं तर साधारण ५० कॅलरी खर्च होतात. आता तुम्हीच मांडणी करा, आधी शाळा चालत होती आणि आता बस आहे, तिथेच जाऊन-येऊन शंभरेक कॅलरी गेल्या, संध्याकाळचं खेळणं तासावरून वीस मिनिटांवर आलं, त्यात शाळेच्या गेटपाशी आठवड्यातून तीनदा काहीतरी गोड घेतलं जातं. घरातल्या ताटात काहीही बदल न होता हिशोब बिघडला. असा छोटा फरक वर्षभर रोज साचत गेला की वजनकाट्यावर दिसतो. (ज्या मुलाचं वजन आधीच बरंच वाढलंय त्याच्या बाबतीत रोजचा फरक यापेक्षा मोठा असतो, कारण वाढलेलं शरीर सांभाळायलाच जास्त लागतं, पण सुरुवात अशीच होते.)

म्हणून मी परिसराकडे असं बघतो की मूल विचार न करता, आपोआप जे करतं ते परिसर ठरवतो. मूल काही रोज सकाळी उठून "आज मी साठ मिनिटं व्यायाम करणार" असं ठरवत नाही. दार उघडं असलं, बाहेर मित्र असले आणि गाडीखाली येण्याची भीती नसली की ते पळतं. नसलं की बसतं. बसलं की स्क्रीन. त्यात इच्छाशक्तीचा प्रश्न फार थोडा आहे आणि नऊ वर्षांच्या मुलाकडून आपण ती अपेक्षा करणंच चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

रस्त्यापासून सुरू करतो कारण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं, सगळी चर्चा खाण्यावरच अडकते. डोनाल्ड ॲपलयार्ड नावाच्या शहररचनाकारानं सॅन फ्रान्सिस्कोमधल्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला होता, १९७२ साली तो छापून आला. एकावरून दिवसाला साधारण २,००० गाड्या जायच्या, दुसऱ्यावरून ८,०००, तिसऱ्यावरून १६,०००. बाकी वस्ती बऱ्यापैकी सारखी. कमी ट्रॅफिकच्या रस्त्यावरच्या माणसांना आपल्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते आणि जास्त ट्रॅफिकच्या रस्त्यावर एकही पूर्ण नाही, ०.९. आता यात मुलांच्या वजनाचा काही संबंध नाही असं वाटेल, पण संबंध आहे, कारण मूल एकटं खेळत नाही, मूल दुसऱ्या मुलासाठी खाली उतरतं. शेजारीपाजारी ओळखच नसेल तर आईला खिडकीतून "जरा लक्ष ठेवा हो" म्हणायला कोणी नसतं, आणि मग मूल घरातच राहतं. गाड्यांनी मुलांची फक्त जागा नाही घेतली, लक्ष ठेवणारे डोळेही घेतले.

आणि हे किती झपाट्यानं बदललं याचा एक आकडा मी पालकांना नेहमी सांगतो. इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जायची. १९९० मध्ये तोच सर्व्हे परत केला तर ९ टक्के. एकोणीस वर्षांत! त्या मुलांच्या पायात काही बिघडलं नव्हतं आणि आयाही अचानक आळशी झाल्या नव्हत्या, रस्ते बदलले आणि त्याबरोबर पालकांची भीती बदलली. मूल एकटं कुठपर्यंत जाऊ शकतं हा जो टापू असतो ना, त्याचा आकार मला मुलाच्या बीएमआयइतकाच (म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती याच्या मापाइतकाच) महत्त्वाचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, आणि २०१६ च्या जागतिक आकड्यांप्रमाणे ११ ते १७ वयोगटातली ८१ टक्के मुलं तेवढी करत नाहीत. आठवड्यातून दोनदा क्लास लावून ही साठ मिनिटं भरत नाहीत, ती भरतात येण्याजाण्यातून आणि बिनकामाच्या भटकण्यातून.

बागेबद्दल लोकांचा गैरसमज असा की नकाशावर हिरवा ठिपका दिसला की झालं. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या बारा गावा-शहरांमधल्या तीन हजारांवर मुलांना नवव्या-दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत फॉलो केलं गेलं, त्यात घरापासून ५०० मीटरच्या आत पार्कची जागा जास्त असलेल्या मुलांचा बीएमआय अठराव्या वर्षी थोडा कमी होता, आणि तसाच संबंध आसपास चालणाऱ्या खेळाच्या उपक्रमांशीही दिसला. हे मला फार पटतं. नुसती लॉन, कारंजं आणि "गवतावर चालू नये" अशी पाटी असलेली बाग मुलाच्या उपयोगाची नाही. मी पालकांना चार गोष्टी विचारतो, ती संध्याकाळी सहा ते आठ उघडी असते का, दिवे आहेत का, तुमची मुलगी तिथे जाते का की फक्त मोठी मुलं क्रिकेट-फुटबॉल खेळतात, आणि तिथे पोचायला कोणता रस्ता ओलांडावा लागतो. शेवटच्या प्रश्नावर बहुतेक बागा नापास होतात. २०० मीटरवरची बाग जर सिग्नल नसलेल्या मोठ्या रस्त्याच्या पलीकडे असेल तर नऊ वर्षांच्या मुलासाठी ती बाग नाहीच. मुलींच्या बाबतीत तर आणखी कठीण, मैदान असूनही वापरता येत नाही ही तक्रार माझ्याकडे सतत येते आणि त्यावर उपाय मुलीला समजावणं हा नाही, मैदानाची वेळ वाटून देणं हा आहे.

तरीही हिरवळीचा स्वतःचा म्हणून काहीतरी फायदा दिसतो हेही खरं. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहराच्या परिसरातल्या ३,८३१ मुलांच्या नोंदी दोन वर्षांच्या अंतरानं बघितल्या गेल्या, वय ३ ते १६, तर उपग्रहाच्या चित्रांत ज्यांच्या घराभोवती झाडी जास्त होती त्यांचं वजन दोन वर्षांत तुलनेनं कमी वाढलेलं होतं. सावली असली की उन्हातही मूल बाहेर थांबतं, एवढं साधं कारणही त्यामागे असू शकतं.

आता खाण्याकडे येतो. इथे दोन शब्द तुमच्या कानावर आले असतील, फूड डेझर्ट म्हणजे जिथे ताजं चांगलं अन्न जवळ मिळतच नाही असा भाग, आणि फूड स्वॉम्प म्हणजे जिथे चांगलं अन्नही मिळतं पण त्याच्या कितीतरी पट तळलेलं, गोड, पाकीटबंद पदार्थांची दलदल आहे. बरीच वर्षं सगळ्यांना वाटायचं की पहिला प्रश्न सोडवला की झालं, वस्तीत सुपरमार्केट आणा म्हणजे लोक भाज्या खातील. फिलाडेल्फियात तसं एक सुपरमार्केट आणलं आणि आधीची-नंतरची मापं घेतली, २०१४ मध्ये निकाल आला, लोकांना जवळ दुकान आल्याचं जाणवलं, आवडलंही, पण फळं-भाज्या खाण्यात आणि बीएमआयमध्ये फरक पडला नाही. तो अभ्यास मोठ्या माणसांचा होता पण मुलं त्याच घरात जेवतात. लॉस एंजेलिसनं २००८ मध्ये उलट बाजूनं प्रयत्न केला, शहराच्या दक्षिण भागात स्वतंत्र इमारतीतल्या नवीन फास्टफूड रेस्टॉरंटना बंदी. २०१५ मध्ये बघितलं तर तिथला लठ्ठपणा वाढतच होता, कारण असलेली दुकानं तशीच राहिली आणि कोपऱ्या-कोपऱ्यावरची छोटी दुकानं, जिथून सोडा आणि चिप्स खरे खपतात, ती त्या नियमात येतच नव्हती.

मग दुकानांचा काही परिणाम होत नाही का? होतो, पण अंतर फार जवळचं असावं लागतं आणि जागा नेमकी असावी लागते. कॅलिफोर्नियातल्या शाळांवर २०१० मध्ये एक अभ्यास आला, त्यात शाळेपासून ०.१ मैल, म्हणजे साधारण १६० मीटरच्या आत फास्टफूड असेल तर नववीच्या मुलांमध्ये लठ्ठपणाचं प्रमाण किमान ५.२ टक्क्यांनी जास्त दिसलं (प्रमाणाच्या ५.२ टक्के, म्हणजे १०० मुलांमागे ५ मुलं जास्त असं नव्हे), आणि पाव मैलावर तेच दुकान असेल तर परिणाम दिसेना. हा निकाल वाचला तेव्हा माझ्या डोक्यात बऱ्याच गोष्टी जागेवर बसल्या. मुलाच्या दृष्टीनं परिसर म्हणजे पिनकोड नाही, वॉर्ड नाही. त्याचा परिसर म्हणजे शाळेच्या गेटपासून बसस्टॉपपर्यंतचे दीडशे मीटर, ट्यूशनच्या खालचा मजला, आणि हातात पैसे असतानाची ती दहा मिनिटं. तेवढ्या पट्ट्यात काय दिसतं, काय वास येतो, काय स्वस्त आहे, यावर बरंच ठरतं.

मी ओपीडीत मुलांना कागद आणि स्केचपेन देतो आणि सांगतो, घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढ. दहा-बारा मिनिटं लागतात पण त्याच्याइतकी माहिती मला कुठल्याच फॉर्ममधून मिळालेली नाही. चालत जाणारी मुलं कुत्रं काढतात, मित्राचं घर, पडकी भिंत जिच्यावर चढता येतं. गाडीनं जाणारी मुलं एक घर काढतात, एक शाळा काढतात आणि मध्ये सरळ रेष. आणि दुकानं जवळजवळ सगळीच काढतात, रंगासकट, पाटीवरच्या चित्रासकट, आणि आई शेजारी बसून बघत असते आणि म्हणते अरे हे दुकान कुठं आहे, मी कधी बघितलंच नाही. ते दुकान मुलाच्या उंचीवर आहे, तुमच्या नाही.

जाहिरातीही परिसरच आहेत बरं का. लंडनच्या वाहतूक यंत्रणेनं फेब्रुवारी २०१९ पासून आपल्या बस, मेट्रो, स्टेशनांवरून जास्त साखर-मीठ-चरबीच्या पदार्थांच्या जाहिराती काढल्या. नंतर घरोघरच्या खरेदीच्या नोंदी तपासल्या तर जाहिराती राहिल्या असत्या तर जेवढी खरेदी अपेक्षित होती त्यापेक्षा अशा पदार्थांतून येणाऱ्या कॅलरी दर घरामागे आठवड्याला साधारण १,००० नी कमी होत्या. नुसतं दिसणं कमी केलं, दुकान एकही बंद केलं नाही. शहराच्या हातात काय काय असतं याचं हे चांगलं उदाहरण आहे असं मला वाटतं.

झोप आणि हवा यावर थोडक्यात. सहा ते बारा वयाला ९ ते १२ तास झोप लागते, मोठ्या रस्त्याला लागून बेडरूम असेल तर हॉर्न आणि दिव्यांनी ती तुटते, आणि अपुरी झोपलेलं मूल दुसऱ्या दिवशी जास्त गोड मागतं आणि कमी हलतं. ट्रॅफिकचा धूर हा वेगळा मुद्दा आहे, दक्षिण कॅलिफोर्नियातल्याच मुलांच्या अभ्यासात घराच्या १५० मीटरच्या आत ट्रॅफिक जास्त असलेल्या मुलांचा बीएमआय अठराव्या वर्षी जास्त होता. तुम्ही लिहिलंय की नवीन घराच्या खिडक्या मुख्य रस्त्यावर उघडतात, तर त्याची झोपायची खोली आतल्या बाजूला हलवता येते का ते नक्की बघा, या सगळ्यात हा सगळ्यात सोपा बदल आहे.

आता तुमच्या घरातला कोणी हुशार माणूस म्हणेल की हे सगळं उलटंही असू शकतं, ज्यांना खेळाची आवड असते तेच बागेजवळ घर घेतात, आणि जिथे पैसे कमी तिथेच रस्ते वाईट, तर दोष परिसराचा की परिस्थितीचा? हा आक्षेप योग्य आहे, संशोधकही यावरच डोकं फोडतात. यातून वाट काढायची एक सुंदर युक्ती अमेरिकेतल्या सैनिकांच्या कुटुंबांवर केली गेली. सैनिकाची बदली कुठं होणार हे तो ठरवत नाही, सैन्य ठरवतं, म्हणजे आवडीनं परिसर निवडण्याचा प्रश्नच उरत नाही. ३८ तळांवरच्या कुटुंबांचा हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची बदली लठ्ठपणा जास्त असलेल्या जिल्ह्यात झाली त्या आईवडिलांचं आणि त्यांच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांचंही वजन जास्त असण्याची शक्यता जास्त निघाली, आणि जे तिथे जास्त काळ राहिले, तळाच्या बाहेर गावात मिसळून राहिले, त्यांच्यात हा संबंध आणखी ठळक होता. विशेष म्हणजे दुकानं, बागा वगैरेंचा हिशोब वजा केला तरी काही संबंध उरलाच, म्हणजे आजूबाजूचे लोक काय खातात, कसे वावरतात, कोणतं वजन "नॉर्मल" मानतात हेही लागतं माणसाला. परिसर म्हणजे विटा-सिमेंट नाही फक्त, शेजारीही.

पैशाचा मुद्दा टाळता येत नाही. इंग्लंडमध्ये दरवर्षी शाळेत ४-५ आणि १०-११ वर्षांच्या मुलांची उंची-वजनं घेतली जातात आणि त्यात सगळ्यात गरीब भागातल्या मुलांमध्ये लठ्ठपणाचं प्रमाण सगळ्यात सुखवस्तू भागाच्या दुपटीहून जास्त निघतं, वर्षानुवर्षं. एकाच शहरात, कधीकधी एकाच बसच्या रूटवर दोन स्टॉपच्या अंतरानं. गरीब घरातली आई दुसऱ्या आईपेक्षा मुलावर कमी प्रेम करते का? तिला सुरक्षित फुटपाथ कमी मिळतो, मोकळा वेळ कमी मिळतो आणि जाहिराती जास्त मिळतात. २०२२ मध्ये जगात ५ ते १९ वयाची ३९ कोटींहून जास्त मुलं जादा वजनाची होती, त्यातली १६ कोटी लठ्ठ, आणि १९९० मध्ये ८ टक्के असलेलं प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. एवढ्या कोटी आया एकाच वेळी लाडावायला लागल्या असं म्हणणाऱ्यानं जरा विचार करावा, तुमच्या घरातल्यांना हे वाक्य वाचून दाखवलंत तरी चालेल.

मग परत जुन्या भागात जायचं का? तुम्ही शेवटी हेच विचारलंय. माझं उत्तर, फक्त वजनासाठी नको. १९९४ ते १९९८ मध्ये अमेरिकेच्या पाच शहरांत अतिगरीब वस्तीतल्या साडेचार हजार कुटुंबांत सोडत काढली होती आणि काहींना कमी गरिबीच्या भागात जायला मदत दिली. दहा-पंधरा वर्षांनी मोजलं तर मोठ्या बायकांमध्ये अतिलठ्ठपणा आणि डायबिटीस कमी झालेला दिसला, म्हणजे १०० बायकांमागे चार-पाच जणींचा फरक, लहान नाही. पण मुलांच्या वजनात तसा ठळक फरक दिसला नाही. घर बदललं की मुलाची शाळा तुटते, मित्र तुटतात आणि मी वर म्हणालो तसं मूल मित्रासाठीच खाली उतरतं. तुमच्या मुलाच्या बाबतीत मला तर वाटतं नेमकं हेच झालंय, जुन्या घरी त्याची खेळायची गँग होती आणि इथे नाही. तुम्ही ओझरतं लिहिलंय की तो "इथे कोणी नाही" म्हणतो, मी असतो तर त्या एका वाक्यावर सगळ्यात आधी काम केलं असतं.

म्हणजे काय करायचं तर येत्या रविवारी त्याला घेऊन बाहेर पडा आणि त्याला पुढे चालू द्या, तुम्ही मागे. शाळेच्या वाटेवर तो कुठं थांबतो, कुठं घाबरतो, कुठं रेंगाळतो ते बघा, काही बोलू नका. कुठपर्यंत तो एकटा जाऊ शकेल याची एक हद्द दोघांनी मिळून ठरवा, सुरुवातीला बिल्डिंगच्या आवारापुरती असली तरी चालेल, दोन महिन्यांनी ती वाढवा. मग त्याच्याच वयाचं एक मूल शोधा, एकच पुरे, आणि त्या आईवडिलांशी बोलून ठरलेली वेळ ठेवा, रोज सहा ते सात, पाऊस नसेल तर खाली. दोनची चार मुलं व्हायला महिना लागत नाही, हे मी अनेक घरांत बघितलंय. शाळा दीड किलोमीटरच्या आत असेल तर तीन-चार घरांनी मिळून पाळीपाळीनं मुलांना चालत न्यायचं, एका दिवशी एक पालक, यात प्रत्येकाला आठवड्यातून एक-दोनदाच वेळ काढावा लागतो. शाळा लांब असेल तर दोन स्टॉप आधी उतरून चाला. येताना गेटवर पाण्याची बाटली आणि घरचं काहीतरी खायला घेऊन उभे राहा, कारण शाळा सुटताना मूल खरंच भुकेलेलं असतं आणि भुकेल्या मुलाला दुकानासमोर उपदेश करून उपयोग नाही. वाटेत गल्ली बदलता येत असेल तर बदला. गोड पेयं घरात आणायचीच नाहीत, सगळ्यांसाठी, फक्त त्याच्यासाठी नाही.

आणि जे तुमच्या एकटीच्या हातात नाही ते एकटीनं ओढू नका. शाळेच्या पालक सभेत गेटसमोरच्या विक्रीचा आणि कॅन्टीनचा विषय काढा, महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसमध्ये बागेची वेळ वाढवण्यासाठी, दिव्यांसाठी, झेब्रा क्रॉसिंगसाठी दहा-पंधरा पालकांच्या सह्यांचा अर्ज द्या. मागणी नेमकी ठेवा, "परिसर सुधारा" म्हणाल तर काही होत नाही, "या फाटकाचं कुलूप संध्याकाळी साडेआठपर्यंत उघडं ठेवा" म्हणाल तर होण्याची शक्यता असते. पॅरिसनं २०२० पासून शाळांसमोरचे कितीतरी रस्ते गाड्यांना बंद केले, स्पेनमध्ये २०२१ पासून शहरातल्या बहुतेक गल्ल्यांत ताशी ३० किमीची मर्यादा आहे. ॲमस्टरडॅमनं तर मुलांच्या वजनाचा प्रश्न आरोग्य खात्यापुरता न ठेवता पूर्ण शहराचा केला, शाळेत प्यायला पाणीच, जंक फूड कंपन्यांची स्पॉन्सरशिप खेळांच्या कार्यक्रमांत नको, वस्तीवस्तीत काम, आणि शहराच्या आकड्यांप्रमाणे २०१२ मध्ये २१ टक्के असलेलं जादा वजनाचं प्रमाण २०१५ मध्ये १८.५ टक्के झालं. तुलनेला दुसरं शहर ठेवलेलं नव्हतं त्यामुळे सगळं श्रेय त्या कार्यक्रमाला देता येणार नाही, पण दिशा मला योग्य वाटते.

एक वैद्यकीय गोष्ट राहिली. वजन वाढतंय आणि उंची मात्र वाढायची थांबली आहे, झोपेत जोरात घोरतो किंवा श्वास अडकतो, मानेमागची कातडी काळी आणि जाडसर झाली आहे, सारखी तहान आणि सारखी लघवी, किंवा डोकेदुखी आणि दिसायला त्रास, यातलं काहीही असेल तर परिसर वगैरे बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि तपासण्या करून घ्या. नसेल तर या वयात वजन उतरवायची घाई नको. उंची वाढते आहे, वजन आहे तिथे थांबलं किंवा हळू वाढलं तरी बीएमआय आपोआप खाली येतो. दर आठवड्याला काट्यावर उभं करू नका, तीन महिन्यांनी एकदा उंची आणि वजन दोन्ही मोजून ग्रोथ चार्टवर टाका. त्याच्यासमोर वजनावर बोलणं बंद करा, आजीआजोबांनाही सांगा.

आणि तीन महिन्यांनी मोजाल तेव्हा वजनाबरोबर आणखी दोन आकडे लिहून ठेवा, गेल्या आठवड्यात तो किती संध्याकाळी खाली उतरला आणि या परिसरातल्या किती मुलांची नावं त्याला माहीत आहेत. हे तीन आकडे घेऊन परत लिहा, मग पुढचं बघू.